समुद्र अंधेरीला, शीड कुलाब्याला

मढच्या बाजूला, खाडीच्या चिखलात एक 22 फुटी शिडाची होडी कलंडून पडली आहे. लाकडी आहे. दोन माणसं अंग चोरून झोपतील एवढी केबिन, डेकवर निळी ताडपत्री. शिडं कुणाच्या तरी माळ्यावर आहेत म्हणे. मालक परदेशी गेला, त्याचा मेहुणा ती सव्वा लाखाला काढतो आहे. माझ्या मुलीला ती घ्यायची आहे. ती अंधेरीत राहते आणि सुट्टीच्या दिवशी कुलाब्याला जाऊन शीड हाताळायला शिकली आहे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा, उभा जन्म माझगाव डॉकमध्ये जहाजांच्या तळाशी काढून आता मुलुंडला निवांत झाला आहे. त्याचं म्हणणं, ही होडी घेऊ नये. मला स्वतःला नावेत बसलं तरी मळमळतं, त्यामुळे या भांडणात मी नि:पक्षपाती आहे असं दोघंही धरून चालतात. ते खरं नाही, पण बोलू दिलं.

मामा: आधी सांग, तू तिच्यात पाहिलंस काय?

भाची: फळ्यांमध्ये फटी आहेत. पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढ्या. रंगाचे पोपडे निघालेत. बाकी सांगाडा सरळ वाटला.

मामा: फटींचं काही नाही. लाकडी होडी उन्हात पडून राहिली की फळ्या आकसतात, पाण्यात उतरवली की फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. पहिले एक-दोन दिवस धो धो गळेल, मग कमी होईल. नाहीच थांबलं तर तेवढ्या ठिकाणी कापूस ठासायचा, वरून राळ-तेल. कोळी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. ताडपत्रीखाली काय होतं ते सांग.

भाची: पाणी साचलं होतं थोडं. केबिनच्या कोपऱ्यात.

मामा: खारं की गोडं?

भाची: मी चाखलं नाही, मामा.

मामा: चाखायचं! समुद्राचं पाणी लाकूड राखतं, कुजवतं ते पावसाचं. सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि ही होडी किती पावसाळे तशीच पडून आहे देव जाणे. डेक आणि बाजू जिथं एकमेकांना मिळतात तिथं, डोलकाठी डेकमधून खाली उतरते तिथं, मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात, असं सगळीकडे ते पाणी मुरतं. शिवाय वर ताडपत्री घट्ट आवळलेली, म्हणजे आत वाफ कोंडणार. कोळी पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, ते वेडे म्हणून नाही. झापांतून वारा खेळतो.

भाची: म्हणजे कुजली आहे हे तू न बघताच ठरवलंस.

मामा: ठरवलं नाही. टोचा घालून बघ म्हणतोय. चांगलं सागवान टोच्याला दाद देत नाही. कुजकं लाकूड वरून छान दिसतं आणि टोचा मुठीपर्यंत आत जातो. हातोडीनं ठोकून बघ. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पुढं जाऊ नको. आणि खालच्या बाजूचं वेगळं प्रकरण. तिथं खारं पाणी असतं, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. बाहेरून सुईएवढं भोक, आत नुसते बोगदे.

भाची: तो किडा नाही. शिंपल्याच्या जातीतला प्राणी आहे.

मामा: असेल. लाकूड खाताना तो जात सांगत नाही.

भाची: विकणारा म्हणाला, वरून फायबरचा थर मारून घ्या, दहा वर्षं बघायला नको.

भाऊ इथे उठून गॅलरीत जाऊन आला. पैशांच्या गोष्टीवर तो इतका कधी तापत नाही.

मामा: ओलसर, कुजायला लागलेल्या लाकडावर फायबर मारायचं म्हणजे पू झालेल्या जखमेवर प्लॅस्टर घालायचं. ओल आत अडकते, लाकूड आतल्या आत भुसा होतं, आणि वरचा थर चकचकीत राहतो. फायबर मारायचं तर लाकूड आधी पूर्ण वाळवावं लागतं. मुंबईच्या हवेत ते वाळणार कधी? दिवाळीनंतर सुरू केलंस तर मार्चपर्यंत. तोवर तुझी हौस वाळलेली असेल.

भाची: बरं, फायबर नाही. फळ्या बदलीन. वर्सोव्यात, मढला अजून लाकडी होड्यांची डागडुजी होते. सुतार आहेत.

मामा: आहेत, आणि त्यांचं काम मी पाहिलंय, सोनं आहे. पण त्यांना कोळ्यांची कामं आधी. ज्याची रोजीरोटी त्या होडीवर आहे त्याला सोडून तुझ्या हौसेच्या होडीकडे यायचं कशाला? आणि तेही कमी होत चाललेत, कारण लहान होड्या आता सरसकट फायबरच्या होतात. बरं, तिला खाली कील आहे ना? लोखंडी?

भाची: हो, ओतीव लोखंडाची. जड आहे म्हणूनच ती वाऱ्यात उलटत नाही.

मामा: ती कील होडीला कशानं धरलीय?

भाची: बोल्टांनी.

मामा: आणि ते बोल्ट वरून छान दिसतात. खालूनही छान दिसतात. झिजतात मधे, लाकूड आणि लोखंड जिथं भेटतं तिथं, जिथं कुणाची नजर पोचत नाही. बोल्ट मधोमध पेन्सिलीएवढा उरलेला मी पाहिलाय. समुद्रात कील सुटली तर शीड पाण्यावर झोपतं आणि होडी उलटते. एक बोल्ट काढून बघितल्याशिवाय अशा होडीला हात लावायचा नाही.

इथपर्यंत मामाची बाजू भक्कम होती हे मुलीनंही मनातून मान्य केलं असावं, कारण तिनं एकदम विषय बदलला. वकील लोक करतात तसा.

भाची: तुझ्याच गोदीच्या शेजारचं उदाहरण देते. मुंबईच्या डॉकयार्डात जमशेटजी बमनजी वाडियांनी 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मलबारचं सागवान. दोनशे वर्षांनी. तिचीही अवस्था वाईट झाली होती, लोकांनी ती परत उभी केली.

मामा: किती वर्षं लागली?

भाची: दहाच्या वर. 2001 मध्ये काम संपलं.

मामा: आणि कोणी केली? एका ट्रस्टनं, कारागिरांची फौज लावून. तू अंधेरीच्या फ्लॅटमधून, शनिवार-रविवार. मी तुला आपल्याच घरचं दुसरं उदाहरण देतो. ‘विक्रांत’. 1971 च्या युद्धातली. 1997 ला नौदलातून निवृत्त झाली, पुढं 2012 पर्यंत संग्रहालय म्हणून धक्क्याला उभी होती. आपण सगळे पोरांना घेऊन बघायला गेलो होतो. नाव होतं, इतिहास होता, लोकांचं प्रेम होतं, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2014 मध्ये दारूखान्यात तिला तोडायला सुरुवात झाली. माझगावहून दारूखाना किती लांब आहे? मी चालत जाऊन बघून आलो. एवढ्या मोठ्या शहराला एक जहाज ठेवायला कायमची जागा आणि सांभाळायला पैसा सापडला नाही. तुला सापडणार आहे?

भाची: तिच्या लोखंडाच्या मोटरसायकली निघाल्या. आमच्या ऑफिसात एकाकडे आहे.

मामा: बघ. म्हणजे जहाजासाठी पार्किंग मिळालं नाही, मोटरसायकलला मिळालं.

भाची: मग ‘तृष्णा’चं काय? लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी 1985 ते 87 मध्ये मुंबईहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती 37 फुटी होडी त्यांनी इंग्लंडमध्ये वापरलेलीच घेतली होती. नवी नव्हती.

मामा: वापरलेली आणि टाकलेली यांत फरक आहे, बाळा. जी होडी कालपर्यंत चालत होती ती घे, मी स्वतः तुला निम्मे पैसे देतो. वापरात असलेल्या होडीचा मालक रोज तिचं दुखणं-खुपणं बघत असतो. टाकलेलीचं दुखणं कुणालाच माहीत नसतं, मालकालाही नाही. आणि हवं तर दिलीप दोंद्यांकडे बघ. एकट्यानं जगाची फेरी मारणारा पहिला भारतीय. 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाला, 2010 च्या मेमध्ये परत आला. त्यांनी जुनी होडी डागडुजी करून नेली का? नौदलानं ‘म्हादेई’ नवीकोरी बांधून घेतली, गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात.

भाची: हे तू सांगितलंस ते बरं केलंस. दांडेकरांच्या यार्डानं त्याआधी अशी समुद्रात जाणारी शिडाची होडी बांधली होती का? नव्हती. आणि होडी बनत होती तेव्हा दोंदे यार्डात होते, बघत होते, शिकत होते. पुढं भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार होतं? तेच. मला नेमकं हेच हवंय. चालती होडी घेतली तर मला शिडं सोडता येतील, वळवता येईल, पण तिच्या पोटात काय आहे ते कधीच कळणार नाही. तू आयुष्यभर जहाजांच्या पोटात राहिलास म्हणून तुला ते फुकट वाटतं.

माझा भाऊ यावर थोडा वेळ काहीच बोलला नाही. मला वाटतं, इतकी वर्षं आपल्या कामाचं कुणाला अप्रूप वाटेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तो गप्प बसला म्हणजे मानलं असं कधीच नसतं. तो पुढचा प्रश्न शोधत असतो, आणि त्याला सापडला तो सगळ्यांत कठीण.

मामा: शिकायचंय तर शीक. पण ती ठेवणार कुठं?

भाची: आत्ता आहे तिथंच.

मामा: ती जागा त्या मेहुण्याची आहे का? ती कोळीवाड्याची आहे. जाळी वाळवायची, होड्या ओढायची जागा. आज ओळखीवर पडू दिलीय. उद्या कुणाला आपली होडी लावायची झाली तर तुझी हलवायला सांगतील, आणि त्यांचं बरोबर असेल. खाडीच्या आत सरकवायची म्हणशील तर तिथं तिवरं. हायकोर्टानं 2005 पासून तिवरांना हात लावायला बंदी केलीय, भोवतीच्या पन्नास मीटरपर्यंत. आणि मुंबईचं उधाण पाच मीटरच्या घरात जातं. भरतीला होडी झोकात उभी, सहा तासांनी चिखलात आडवी. कीलवाली होडी सपाट बसत नाही, ती कुशीवर पडते. दिवसातून दोनदा, वर्षभर. त्या बोल्टांचं काय होत असेल?

भाची: टेकू लावता येतात.

मामा: लावता येतात, लाटेनं निसटतातही. तुमच्या सोसायटीत आण म्हणशील तर गाडीची जागा साधारण 18 फूट, होडी 22. चार फूट शेजाऱ्याच्या गाडीत. आणि तो मढ-वर्सोवा पूल व्हायचाय, तो झाल्यावर डोलकाठी खालून जाईल का ते आधी विचार.

भाची: हे सगळं खरं आहे, आणि माझा राग याचाच आहे. तू सगळे मुद्दे होडीच्या विरुद्ध मांडतोस, ते खरं तर या शहराच्या विरुद्ध आहेत. जुहूपासून गोराईपर्यंत बघ. वर्सोवा, मढ, आक्सा, मार्वे, मनोरी. एवढा किनारा, एवढ्या खाड्या, आणि साध्या माणसाला भाडं भरून शिडाची होडी लावता येईल अशी एक जागा नाही. समुद्र माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि शीड उभारायचं तर मला लोकल पकडून गेटवेला जावं लागतं. तिथं रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे. म्हणजे हा खेळ साहेबानं जिथं ठेवला तिथंच राहिला.

मामा: तिथंसुद्धा जूनच्या आधी सगळ्या होड्या पाण्याबाहेर काढतात. तू जूनमध्ये कुठं काढणार आहेस, क्रेननं?

भाची: आणि कोळ्यांचं म्हणशील तर याच खाडीतून त्यांची शिडं जायची. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यावर बाहेर. दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येतो, त्यावर घरी. शाळेत भूगोलात पाठ केलेलं, पण त्या वाऱ्यावर पोट चालायचं हे मला शिडाला हात लावला तेव्हा कळलं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत वर्सोव्यासमोर दुपारी जो वायव्येचा वारा सुटतो, तो फुकट जातोय.

मामा: फुकट जात नाही. कोळ्यांनी तो मुद्दाम सोडला. स्वातंत्र्यानंतर इंजिनं आली तेव्हा कुणी शिडासाठी रडत बसलं नाही. वारा पडला की मासळी नासायची. वल्ही मारून मारून हात सोलवटायचे. इंजिन आलं, सुटले. तुला त्यात काव्य दिसतं कारण तुला मासळी बाजाराच्या वेळेला पोचवायची नाही.

मला विचाराल तर या मुद्द्यावर दोघंही जिंकले. भावाचं इंजिनाबद्दलचं बोलणं कुठल्याही कोळीणीनं उचलून धरलं असतं. पण मुलीनं किनाऱ्याबद्दल जे म्हटलं त्याला उत्तर नाही. आमच्या लहानपणी उपनगरात पोहायचे तलाव नव्हते, ते झाले. नाट्यगृहं नव्हती, ती बोरिवलीला झाली, मुलुंडला झाली. दादरच्या पुढं काही हवं असेल तर आधी दादरला जा, हा शिरस्ता बऱ्याच गोष्टींत मोडला. पाण्यावरच्या हौसेपुरता तो शाबूत आहे. जेटी आहेत त्या फेरीबोटीच्या आणि मासेमारीच्या. तिसऱ्या कुणाला तिथं नांगर टाकायचा असेल ही कल्पनाच कागदावर नाही.

मामा: कागदावरून आठवलं. कागद काय आहेत?

भाची: खरेदीची एक पावती आहे.

मामा: पावती मिक्सरची असते. मेरिटाइम बोर्डाकडे नोंदणी आहे का? नंबर आहे का? इंजिन कधी बसवलं होतं का, त्याची नोंद आहे का? 26/11 ला दहा जण ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी होडीवरून आले. तेव्हापासून या किनाऱ्यावर बेवारशी होडीकडे कुणी सरळ नजरेनं बघत नाही. तू संध्याकाळी एकटी खाडीतून बाहेर निघालीस आणि पोलिसांची स्पीडबोट आली, तर त्यांना मिक्सरची पावती दाखवणार?

भाची: हे मात्र मी बघितलं नव्हतं.

मामा: मग ऐक. तुला लाकूड, राळ, स्क्रू यांत हात घालायचाच आहे ना? जुनी एंटरप्राइझ घे. जॅक होल्टनं 1956 साली काढलेलं डिझाइन, 13 फूट, प्लायवूडची. आपल्याकडे सेलिंग क्लबांत वर्षानुवर्षं चालली, कुठंतरी जुनी पडलेली सापडेल. लोकांनी घरी बांधावी म्हणूनच काढलेली होडी आहे ती. चार जण उचलून नेतात. तुझ्या पार्किंगमध्ये मावेल. कील नाही, खाली-वर होणारी फळी आहे, म्हणजे चिखलात कलंडायचा प्रश्न नाही. प्लाय मरीनच घ्यायचा, आयएस 710 चा शिक्का बघून. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून भलताच गळ्यात मारतात. नांगर, कप्प्या, साखळ्या दारूखान्यात जुन्या मिळतात, वायररोप नागदेवीला. एका उन्हाळ्यात तयार. 1982 च्या आशियाई खेळांची सेलिंग स्पर्धा मुंबईत झाली, तेव्हा फायरबॉल नावाच्या अशाच छोट्या होडीत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सोनं मिळवलं. लहान होडीला कमी समजू नको.

भाची: कमी समजत नाही. पण त्यात रात्रीचं थांबता येत नाही. मला मनोरीच्या खाडीत नांगर टाकून एकदा रात्र काढायची आहे.

मामा: रात्र काढायला फ्लॅट आहे तुझा. वीस वर्षं हप्ते भरायचेत.

भाची: म्हणूनच.

माझी सहानुभूती कुणाकडे, हे इथं लपवायचं कारण नाही. माझ्या मते 13 फुटी होडीचा तोडगा शहाणपणाचा आहे आणि मुलगी तो पाळणार नाही. तिला दुरुस्ती हवी आहे तशीच जरा मोठी, न पेलणारी गोष्टही हवी आहे. आमच्या पिढीत लोक गावाकडचं पडकं घर नीट करत. आता गावाकडे घरच उरलेलं नसतं. भाऊ हे समजत नाही असं नाही. निवृत्त झाल्यापासून त्यानं घरातले सगळे नळ, बिजागऱ्या आणि शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करून संपवले आहेत. होडीत दोष काढताना मात्र त्याचे हात सारखे हवेत काहीतरी ठोकत, पिळत होते. नको म्हणणाऱ्या माणसाला नागदेवीच्या वायररोपची आठवण होण्याचं काही कारण नव्हतं.

भाची: तू एकदा येऊन बघ. नाही म्हणालास तर नाही.

मामा: मी नाही म्हणायलाच येणार.

भाची: ये की. रविवारी दुपारी ये.

मामा: दुपारी काय बघणार, पाणी? कील बघायची तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी हवी, पाणी सगळ्यांत खाली तेव्हाच जातं. मुंबईत ती पहाटे सहाच्या आसपास असते, नाहीतर संध्याकाळी. संध्याकाळी तासाभरात अंधार पडतो, म्हणजे पहाटच धरायची. मुलुंडहून गाडी पकडून घाटकोपरला मेट्रो आणि वर्सोव्याहून फेरी, एवढं करून मी सहाला चिखलात उभा नाही राहू शकत.

भाची: मग अमावास्येच्या आदल्या रात्री माझ्याकडे राहायला ये.

मामा: येतो. टोचा आणि हातोडी माझी. तू गमबूट घे आणि मोठा पाना. त्या मेहुण्याला आत्ताच फोन करून सांग, नोंदणीचे कागद घेऊन ये. आणि हेही सांग, की एक बोल्ट आम्ही काढून बघणार. काढू देणार नसेल तर मी पहाटेची झोप मोडणार नाही.